पाऊस बदकांना मानवला, पेंडीला नाही : कुडाळजवळच्या एका घरातील ३० बदकांचे प्रकरण

५ जून २०२५, गुरुवार. त्या दिवशी आमच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, व्हाइट पेकिन जातीची एक दिवसाची ३० पिल्ले आली. १२ जुलैला त्यांतली १९ उरली होती. दोन प्रवासाच्या शिणाने पहिल्या दोन दिवसांतच गेली, ते समजण्यासारखे होते. पण उरलेली नऊ आम्ही आमच्या हाताने भरवलेल्या खाद्याने गेली. ती कशी गेली, आम्हाला इतक्या उशिरा का कळले आणि उरलेल्यांचे पुढे काय झाले, हे तारखांसह लिहून ठेवते आहे. दर गुरुवारी वजन करून वहीत टिपायची सवय पहिल्यापासून ठेवली होती, म्हणून आकडे हाताशी आहेत.

आमचे घर कुडाळजवळच्या गावात. घरात सासूबाई, मी, नवरा आणि दोन मुले. गावठी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, बदके पहिल्यांदाच. हेतू साधा होता. सात आठवड्यांत बदके अडीच किलोच्या आसपास होतील, आषाढ अमावास्येच्या आधी काही विकू, काही घरी खाऊ. अमावास्या २४ जुलैला होती, म्हणजे पिल्ले आणल्यापासून बरोबर ४९ दिवसांनी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार आणि मग गणपती होईपर्यंत आमच्याकडे मांसाला गिऱ्हाईक नाही. ही तारीख प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरते.

जात निवडताना चूक झाली नाही. खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर ही अंड्यांची बदके, ती दीड-दोन किलोंवर फारशी जात नाहीत. मांसासाठी पेकिनच. मूळची चीनची ही जात १८७३ मध्ये अमेरिकेत गेली आणि तिथून जगभर पसरली. पिसे पांढरी असल्याने सोललेल्या कातडीवर काळे खुंट दिसत नाहीत, हाही तिचा एक गुण.

तळे हवेच, असे ज्याने त्याने सांगितले. ते खरे नाही. मांसाच्या बदकाला पोहायला पाणी लागत नाही. लागते ते डोके बुडेल इतके खोल पाणी, कारण चोच, नाकपुड्या आणि डोळे ते पाण्यानेच स्वच्छ ठेवते. आणि खाताना पाणी शेजारीच हवे. कोरडे पीठ चोचीला चिकटून बसते, घास अडकतो. आम्ही पसरट घमेल्यांत मधोमध जांभ्या दगडाचा चिरा ठेवायचो, म्हणजे पिल्लू चोच बुडवू शकते पण आत बसू शकत नाही. पहिल्या आठवड्यात अंगभर भिजलेले पिल्लू गारठून मरते. आईच्या पंखाखाली असते तर तिच्या पिसांचे तेल त्याला लागते. बल्बखालच्या पिल्लाला ते कुठून मिळणार?

मांगराच्या एका कोपऱ्यात तट्टीचे गोल कुंपण, खाली तूस, वर दोन बल्ब. सुरुवातीला ३२ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लेच नीट सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कुंपणाला चिकटून धापा टाकू लागली तर उष्मा.

पायांचे दुखणे

पहिले संकट नवव्या दिवशी आले. सहा पिल्ले उभी राहीनात. गुडघ्यासारखा दिसणारा मागचा सांधा जमिनीला टेकवून बसायची, पाण्यापर्यंत सरपटत जायची. बाकीची त्यांना तुडवून पुढे जात. आम्ही तालुक्याच्या दुकानातून ब्रॉयलरचे स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या लहान पिल्लांचे तयार खाद्य, आणले होते. पिशवीवर प्रथिने २२ टक्के होती आणि ती बदकाच्या पिल्लालाही पुरेशी असतात. म्हणून खाद्याकडे आमचे लक्षच गेले नाही. तूस निसरडा असेल म्हणून तो बदलला.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय चाचपले आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला कोंबडीचेच देता ना?"

कारण नायसिन. हे ब गटातले जीवनसत्त्व. ब्रॉयलरच्या पिल्लाला एक किलो खाद्यात साधारण ३५ मिलिग्रॅम पुरते, बदकाच्या पिल्लाला ५५ लागते. कोंबडी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडेफार नायसिन शरीरातच तयार करते, बदकाला ते तितके जमत नाही. त्यात खाद्याचा मोठा भाग मक्याचा, आणि मक्यातले नायसिन अशा रूपात बांधलेले असते की पक्ष्याच्या आतड्याला ते सुटत नाही. पोट भरते, वजन वाढते आणि त्या वजनाखाली पाय वाकतात.

डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत बी-कॉम्प्लेक्सचे औषध पाण्यातून दिले, यीस्टची पूड खाद्यातून. चौथ्या-पाचव्या दिवशी पाच पिल्ले उठून चालू लागली. सहाव्याचा सांधा वाकडा झाला तो झालाच. त्याला मुलांनी लंगडो नाव ठेवले. गर्दीत त्याला खायला मिळत नसे, म्हणून सासूबाईंनी त्याला वेगळ्या डालग्यात घेतले आणि स्वतःच्या हाताने भात नि स्टार्टर भरवू लागल्या. त्या वेळी ही केवळ माया होती. महिन्याभरात तीच आमच्या तपासाची गुरुकिल्ली ठरली.

पेंड घरात आली

पायांच्या दुखण्याने मी धास्तावले होते. तीन आठवड्यांनंतर खाद्याचा काही भाग घरीच तयार करायचे आधीपासून ठरले होते, कारण कण्या आणि कोंडा घरचा. प्रथिनांसाठी काय घालावे याचा शोध घेताना शेंगदाण्याच्या पेंडीवर मन बसले. प्रथिने चाळीस टक्क्यांच्या वर आणि वर नायसिनही भरपूर. एका वस्तूत दोन्ही गरजा भागतात. कागदावर ही निवड आजही मला चुकीची वाटत नाही.

दहा किलोंचे मिश्रण असे होते : कण्या ५ किलो, भाताचा कोंडा २ किलो, शेंगपेंड २ किलो, मीठ न लावता वाळवलेला जवळा ७०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा आणि खनिज मिश्रण मिळून ३०० ग्रॅम. प्रथिनांचा हिशेब १८ टक्क्यांच्या आसपास जातो, तीन आठवड्यांपुढच्या बदकाला तेवढी बस्स. जवळा मीठ न लावलेलाच घेतला, कारण जास्तीचे मीठ बदकाला बाधते. हे मिश्रण पाण्यात भिजवून, मुठीत गोळा होईल इतपत ओले करून दोन वेळा द्यायचे आणि सोबत तयार खाद्य.

१६ जूनला घाटावरच्या घाण्यावरून पेंडीचे एक पोते आले. अर्धे, म्हणजे वरचे अर्धे, शेजारच्या काकींनी त्यांच्या कोंबड्यांसाठी नेले. उरलेले पोते मांगरात चिऱ्याच्या भिंतीला टेकून, सारवलेल्या जमिनीवर ठेवले. खाली फळी नाही, विटा नाहीत.

त्या वर्षीचा पाऊस आठवा. २५ मे रोजीच मोसमी पाऊस देवगडला पोचला होता. एरवी जूनचा पहिला आठवडा कोरडा मिळतो, त्यात कोकणातली बाई पावसाळ्याची बेगमी उन्हात घालून, वाळवून, डब्यांत भरून घेते. त्या वर्षी ते दिवस मिळालेच नाहीत. घरातली कडधान्ये, सुकी मासळी, पापड, सगळ्यांची आम्ही काळजी केली. जनावरांच्या पेंडीची केली नाही. चिरा पाणी धरून ठेवतो, सारवलेली जमीन खालून ओल देते आणि पोत्याचा तळ ती ओल शोषत राहतो. हे मला ठाऊक होते. तांदळाचे पोते मी कधीही असे ठेवले नसते.

२६ जूनला मिश्रण सुरू झाले. त्या दिवशीचे सरासरी वजन ८८० ग्रॅम. ३ जुलैला १ किलो २४० ग्रॅम. फार चांगले नाही, पण घरच्या खाद्यावर ठीक. १० जुलैला, जी जिवंत होती त्यांचे, १ किलो ३१० ग्रॅम. पाचव्या आठवड्यात पेकिनचे वजन आठवडाभरात अवघे ७० ग्रॅमने वाढावे, हे काहीतरी बिघडल्याचे स्पष्ट चिन्ह होते. पण हा आकडा वहीत पडेपर्यंत सात पक्षी मेले होते.

५ ते १० जुलै

५ तारखेला घमेल्यात खाद्य उरू लागले. बदकाने खाद्य शिल्लक ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने बदक पाळले आहे त्याला कळेल. आम्ही म्हटले, पाऊस जोरात आहे, अंग गारठले असेल. सासूबाई मला म्हणाल्या, "बदकाक पावसाचा कसला भय? तू उगाच घाबरतंस."

७ तारखेला चार पक्षी झोकांड्या देत चालताना दिसले. मला वाटले, पुन्हा पाय. पुन्हा बी-कॉम्प्लेक्स सुरू केले. एक दिवस तिथे गेला. या वेळी बसण्याची तऱ्हा वेगळी होती, पायांवर आणि बोटांमधल्या पडद्यांवर जांभळट छटा होती. मी ती पाहिली आणि चिखलाचा डाग समजले.

८ तारखेला सकाळी दोन मेलेली, माना मागे वळलेल्या. ९ ला तीन. १० ला दोन.

या तीन दिवसांत घरात आणि शेजारात जे तर्क झाले, ते सगळे चुकीचे होते, तरी त्यामागचा विचार नोंदवण्यासारखा आहे. कुणी म्हणाले साप चावला. पण साप तीन रात्री रोज येऊन सात पक्षी मारत नाही. कुणी म्हणाले बदकांचा प्लेग. त्यात डोळ्या-नाकातून स्राव येतो, पातळ हिरवट हगवण लागते, पक्षी उजेड टाळतो. आमच्याकडे यातले काही नव्हते. मला स्वतःला भीती होती बर्ड फ्लूची. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झाले ते महाराष्ट्रात कोंबडी पाळणारा कुणी विसरलेला नाही. शिवाय बदक त्या विषाणूने स्वतः आजारी न दिसताही तो पसरवू शकते. पक्षी पटापट मरू लागले की ते लपवायचे नाही, दवाखान्यात कळवायचे, एवढे मी धरून होते. मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, दोन तपासणीसाठी ठेवली.

पेंडीचा संशय माझ्या मनात ८ तारखेलाच आला होता. मी तो सोडून दिला, कारण काकींच्या कोंबड्या. त्याच पोत्यातली पेंड त्या तीन आठवडे खात होत्या आणि धडधाकट होत्या. सासूबाईही तेच म्हणाल्या, "काकीची कोंबडी पण तीच पेंड खातत, तेंका काय झाला?" या एका वाक्याने आमचा दीड दिवस गेला आणि त्या दीड दिवसात पाच पक्षी गेले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ते हेच. पुरावा समोर होता, आम्ही तो उलटा वाचला.

वळण दिले तेही सासूबाईंनीच. ९ ला संध्याकाळी त्या लंगड्याला भरवत होत्या आणि एकदम थांबून म्हणाल्या, "हो लंगडो कसो काय बरो रवलो गो?" सगळ्यांत अशक्त पक्षी तो. त्याच मांगरातली हवा, तेच पाणी, तीच ओल. वेगळे होते ते फक्त पोटात जाणारे. त्याला मिश्रण कधी मिळालेच नव्हते, कारण तो हातातून भात खायचा.

मी विजेरी घेऊन पोत्यापाशी गेले आणि हात तळापर्यंत घातला. वरची पेंड कोरडी होती. खालचे खडे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. फोडले तर आत हिरवट-पिवळी भुकटी. त्याच रात्री मिश्रण बंद केले.

१० तारखेला डॉक्टरांनी दोन्ही पक्षी उघडले. यकृत मोठे झालेले, फिकट पिवळट, त्यावर रक्ताचे ठिपके. मूत्रपिंडांतही रक्तस्राव. त्यांनी पेंडीचा खडा फोडून पाहिला आणि म्हणाले, "हे अफ्लाटॉक्सिन. बदकाला हे कोंबडीच्या मापाने मोजू नका."

विषाची गोष्ट

अफ्लाटॉक्सिन हे अ‍ॅस्परजिलस फ्लेवस आणि तिच्या जवळच्या बुरशींनी तयार केलेले विष. शेंगदाणा, मका, सरकी ही त्यांची आवडती ठिकाणे. हे विष ओळखले गेले तेच मुळी शेंगपेंडीमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कारण न कळता मेले, त्याच सुमारास बदकाची पिल्लेही मेली. शोध घेत गेल्यावर धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोचला. पुढे हे विष तपासण्यासाठी प्रयोगशाळांत एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरली जात, कारण अगदी थोड्या विषानेही त्यांचे यकृत बिघडते. घरी पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांत बदक या विषाला सर्वांत हळवे, त्याखालोखाल टर्की. कोंबडी त्या मानाने पुष्कळ सोसते.

म्हणजे काकींच्या कोंबड्या वाचल्या त्याला दोन कारणे. एक, त्या कोंबड्या होत्या, शिवाय दिवसभर परसात चरून मूठभरच पेंड खायच्या. दुसरे, पोत्याचा वरचा कोरडा भाग त्यांच्या वाट्याला आला होता. नंतर काकींनी सांगितले की अंडी मात्र कमी झाली होती, पण पावसात होतातच म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही.

दोन गोष्टी ठासून सांगते, कारण त्या आम्हालाही आधी माहीत नव्हत्या. बुरशीचा खडा वेचून टाकला की उरलेली पेंड चांगली, असे नाही. विष डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. दुसरे, उकळून, भाजून, उन्हात घालून ते जात नाही. ऊन बुरशी वाळवते, विष जागेवर राहते. खाद्यात मिसळायला टॉक्सिन बाइंडर मिळतात, त्यातली बेंटोनाइट माती काही विष बांधून विष्ठेवाटे बाहेर नेते. चांगल्या खाद्याला जोड म्हणून ते ठीक आहे, सडलेली पेंड खपवायला नाही.

या विषावर उतारा नाही. डॉक्टरांनी ताजे फिनिशर (मोठ्या पक्ष्यांचे तयार खाद्य), मऊ भात आणि पाण्यातून जीवनसत्त्वे एवढेच सांगितले. ११ आणि १२ जुलैला आधीच आजारी असलेली दोन गेली. त्यानंतर एकही नाही.

अमावास्या चुकली

उरलेली १९ बदके २४ जुलैला सरासरी १ किलो ७२० ग्रॅमची होती. मी ती त्या दिवशी विकू शकले असते. अमावास्येला मागणी असते, गिऱ्हाइकाला काही कळले नसते. पण हे विष यकृतात साचते, मांसातही थोडे उतरू शकते, आणि माणसाच्या यकृतालाही ते घातक आहे. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे स्वच्छ खाद्यावर ठेवा, कलेजी कुणालाही देऊ नका. आम्ही विकली नाहीत.

त्याची किंमत मोजावी लागली. बदक कापायचे दिवस ठरलेले असतात. साधारण सातव्या आठवड्यात पिसे पूर्ण आलेली असतात, सोलणे सोपे. तो मुहूर्त चुकला की नवी पिसे फुटू लागतात, कातडीत कोवळ्या खुंटांचे रान माजते आणि एक पक्षी साफ करायला दोन तास जातात. पुढची संधी बाराव्या-तेराव्या आठवड्यात. ती आमच्याकडे नेमकी गणपतीत आली. तोवर बदके खातच राहिली आणि वाढ मंदावलेल्या वयात खाल्लेले खाद्य चरबीत जाते. सात आठवड्यांत कापलेल्या पेकिनला एक किलो वजनामागे अडीच-पावणेतीन किलो खाद्य पुरते. आमचा हिशेब पाच किलोंवर गेला. पैशांत ही तुकडी तोट्याची होती, त्याबद्दल दुमत नाही.

पावसाळा हा बदकाचा हंगाम, असे आपल्याकडे समजतात. डबकी, गोगलगाई, हिरवा चारा, सगळे खरे. अंड्यांच्या चरत्या बदकांना तो मानवेलही. बांधून, भरवून मांसासाठी वाढवायच्या बदकांची तुकडी मात्र मी कोकणात जूनमध्ये पुन्हा घेणार नाही. भिजते ते बदक नव्हे, पोते भिजते. पुढची पिल्ले जानेवारीत घेणार आहे. पेंड एका वेळी पाच किलोच, घेताना खडा फोडून बघून, झाकणाच्या पिंपात आणि पिंप चुलीवरच्या माळ्यावर, जिथे घरातले बियाणे असते.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात सहा बदके कापली, वजने अडीच-पावणेतीन किलोंच्या दरम्यान. पाणी ६५ अंशांपर्यंत तापवून त्यात चमचाभर साबण घातला. बदकाच्या पिसांवरचे तेल नुसत्या पाण्याला आत शिरू देत नाही. दोन-तीन मिनिटे बुडवून ठेवले तेव्हा पिसे सुटली. उरलेली बारीक लव विस्तवावर भाजली. सागोतीला तेल घालावेच लागले नाही, कातडीखालच्या चरबीतच खोबऱ्याचे वाटप परतून निघाले. मांस गावठी कोंबड्यासारखे गडद, थोडे चिवट, कारण वय झाले होते. काकींकडे एक टोप गेला.

त्याआधी सासूबाईंनी सहाही कलेज्या ताटात ओळीने मांडून उजेडात नेल्या. तांबूस तपकिरी, कडा धारदार, एकावरही ठिपका नव्हता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माडाच्या आळ्यात खड्डा काढून सहाही त्यात पुरल्या.